संपबंदीसाठी दिलेली साक्ष

सत्तरच्या दशकातल्या एका गळीत हंगामात आमच्या सहकारी साखर कारखान्यात संप झाला. हंगामी कामगारांना कायम करा, एवढीच मागणी होती. चौथा दिवस उजाडला तरी आमचा तोडलेला ऊस गेटबाहेर गाड्यांवरच वाळत होता. आम्ही सभासद शेतकरी, म्हणजे कारखान्याचे मालकच. हंगामात संपाला कायद्यानं बंदी घाला, असा अर्ज आम्ही सरकारकडे धाडला होता. पहिली सही माझी होती.

त्या सकाळी मी तावातावानं गेटवर गेलो. संपकऱ्यांच्या पुढं आमच्याच गल्लीतला फिटर बसला होता. आमच्या विहिरीवरचं इंजिन बिघडलं की तोच यायचा. आमच्या पोटावर पाय देतोस, हंगाम संपल्यावर कर की संप, असं मी त्याला सुनावलं.

"दादा, आखाडात कारखाना बंद असताना संप केला तर ऐकणार कोण?" तो म्हणाला. "चिमणीवरची घुबडं व्हय?"

त्याचे सोबती खदखदून हसले. मी बैलगाडीच्या जुवातली शिवळ, ती हातभर लाकडी खुंटी, उपसली. डोकं वाचवायला त्यानं उजवा हात वर केला. पहिल्याच घावात मनगट मोडलं, उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. तो पडल्यावरही मी त्याच हातावर आणखी दोन घाव घातले. माझं बघून गाड्यांवरची माणसं कोयते उलटे धरून उतरली. पोलीस येईपर्यंत धुळीत रक्त आणि दात पडले होते.

चौकशीत मी शपथेवर सांगितलं, पहिला दगड फिटरनं मारला. माझ्यामागून बाकीच्यांनी तेच म्हटलं. फिटरची नोकरी गेली. संपकरी कसे हिंसक असतात याचा पुरावा म्हणून माझी साक्ष आमच्या अर्जाला जोडली गेली.

दगड कुणीच मारला नव्हता. त्याच्या हातात तंबाखूची चंची होती.

त्याचा हात वाकडाच जुळला. पुढं गल्ली सोडून त्यानं मुरगूडच्या बाजारात पंक्चर काढायचं दुकान टाकलं. एकदा तिथंच माझी सायकल पंक्चर झाली, दुसरं दुकान जवळ नव्हतं. त्यानं वर बघितलं. ओळखलं.

"बसा की पावणं," तो म्हणाला. "येळ लागंल. एका हाताचं काम हाय."

अर्धा तास तो दातांत ट्यूब धरून घासत होता. तेवढ्यात मला हे सगळं बोलता आलं असतं. मी टायर दाबून हवा बघितली आणि निघालो.