काकीच्या पडवीपर्यंत पोचणारा फोन

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. पोलादपूरच्या पुढे गाडी सोडून वर चढून गेलं की डोंगराच्या कुशीत मूठभर घरं, आणि रेंज येते ती देवळामागच्या कातळावर, तीही वाऱ्याच्या मर्जीनं. बाबांनी हयातीत खेटे घालून घालून टेलिफोनची तार वर आणली होती, म्हणून अख्ख्या वाडीत फोन एकच, आमच्या ओटीवरचा. बाबा गेले. मी लग्न होऊन महाडात आले, नाते गावच्या शाळेत शिकवायला लागले. वर उरली आई, तिच्या दोन म्हशी आणि तिचा बीपी.

महाडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “हात जड वाटला, जीभ जड झाली की क्षणभर थांबू नका. खाली आणा. यात सगळा खेळ वेळेचा असतो.” तेव्हापासून माझ्या मागे भुंगाच लागला. मी फोन करायची, रिंग वाजत राहायची. आई गोठ्यात. गुडघे धरत ती ओटीवर येईपर्यंत रिंग बंद. तळीये गावावर दरड कोसळल्यानंतर तर पाऊस लागला की माझा जीव थाऱ्यावर नसायचा. पुन्हा लावावा, पुन्हा लावावा, आणि शेवटी उचलून बाईसाहेब हसत म्हणणार, “अजून मेले नाय गो. शेण काढीत होते.” मला अस्सा संताप यायचा!

म्हणून बिनवायरचा फोन घ्यायचा ठरवलं. कॉर्डलेस. एकदा तपासणीला आली तेव्हा तिला बाजारपेठेतल्या दुकानात घेऊन गेले. मला वाटलं होतं, मी सांगेन तो घेईल. कसलं काय! दुकानदारानं काळा, चकचकीत दाखवला. “गोठ्यात पडला तर काळ्यात काळा दिसंल का?” म्हणून तो बाद. दुसऱ्याची बटणं बारीक. तिसरा तिनं उचलला, दुकानदाराच्या देखत कमरेच्या ओच्यात खोचला आणि खाली बसून उठून पाहिलं. तो बिचारा दुसरीकडे बघायला लागला. “पडत नाय,” आई म्हणाली, “ह्यो चांगला.” पांढरा, मोठ्या आकड्यांचा. लांब कुठवर चालतो ते बघायला दुकानदारानं तो आपल्या लाइनला जोडून दिला आणि मी मोबाइलवरून त्याला रिंग दिली. आई फोन कानाला लावून दुकानाबाहेर पडली ती चालतच सुटली. “मी पार मेथीवालीपाशी आले,” तिचा आवाज आला, “आन् तुझी बडबड चालूच हाय.” सगळं दुकान हसलं. मीही हसले. किती दिवसांनी मला हलकं वाटलं होतं.

महिनाभर सुख लागलं. फोन केला की दुसऱ्या रिंगला आई हजर, मागून म्हशीचं फुरफुरणं. मग एक दिवस उचलला तो दुसऱ्याच कुणीतरी. “कोण बोलतंय?” विचारलं तर वरच्या घरची सून. फोन तिच्याकडे होता. आई आपल्या घरी.

आता वाडीची रीत सांगायला हवी. जुना फोन होता तेव्हा मुंबईहून कुणाचाही फोन आला की आई अंगणाच्या कडेला उभी राहून हाळी द्यायची. ज्याचा फोन तो धावत यायचा, आमच्या ओटीवर उभा राहून बोलायचा, आणि बसलेली सगळी ऐकायची. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तरी सासू, चुलतसासू, दीर सगळे साक्षीला. आता वायरच नाही म्हटल्यावर बायकांनी फोन घरी न्यायला सुरुवात केली. कुठल्या घरात कुठपर्यंत आवाज येतो, याचा शोध त्यांनी आठवड्यात लावला. वरच्या घरी चुलीपाशी येत नाही, न्हाणीच्या दाराशी येतो. शेजारच्या काकीकडे मागच्या पडवीपर्यंत स्वच्छ येतो. जन्मात पहिल्यांदा त्या बायका आपल्या माणसाशी एकट्यानं बोलत होत्या. आज मला ते कळतं. तेव्हा माझं डोकंच फिरलं.

“आई, फोन म्हणजे काय देवळातली घंटा आहे का, येईल त्यानं वाजवायला? तुझ्यासाठी घेतलाय तो. तुला काही झालं तर मला कळायला!”

“दारात मागाया आली तर नाय कसं म्हणू गो?”

“तोंडानं म्हण!”

“तुझ्या म्हाडात म्हणत असतील,” ती म्हणाली, आणि विषय संपला.

सगळ्यात जास्त न्यायची ती काकी. काकी म्हणजे भावकीतली, आईला वयनी म्हणणारी, आईच्या शेतावर आणि आई तिच्या शेतावर, असा जन्म काढलेली. तिचा मुलगा मुंबईला. लग्नावरून बापाशी बिनसलं आणि त्यानं घर टाकलं. बापानं त्याचं नाव काढायला घरात बंदी केलेली. पण मुलगा सुट्टीच्या दिवशी दुपारी आमच्या नंबरवर फोन करायचा. बाप शेतावर गेलेला असायचा. आई फोन नेऊन काकीच्या हातात द्यायची आणि परत यायची. काकी मागच्या पडवीत बसून बोलायची, पदर तोंडाला लावून. फोन उशिरा परत यायचा, कधी त्याची बॅटरी संपलेली असायची. मी चरफडायची. आई म्हणायची, “तिचं तेवढंच हाय.”

गणपतीच्या आधीची गोष्ट. त्या दुपारी मी घरून फोन लावला तर एंगेज. पुन्हा एंगेज. कुणाशी एवढ्या गप्पा मारतेय म्हणून कपाळाला आठ्या घातल्या, आणि खरं सांगू, निर्धास्तही झाले. बोलतेय म्हणजे बरी आहे. सुट्टीचा दिवस, फोन काकीकडे असेल, हे डोक्यातच आलं नाही. थोड्या वेळानं लावला तर नुसती रिंग जात राहिली. म्हटलं गेली असेल पाण्याला.

त्या वेळात काय झालं ते मला काकीनंच सांगितलं, दवाखान्याच्या पायरीवर बसून, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. फोन तिच्याकडे होता. गणपतीला सुनेला घेऊन येतो, बाबांना हळूहळू सांग, असं मुलगा म्हणत होता. तेवढ्यात फोन मेला. लाइट गेली असंल, असं काकीला वाटलं. वाटणारच. आमच्याकडे पावसात लाइट दिवसातून किती वेळा जाते! लाइट गेली की आमच्या ओटीवरचा फोनचा डबा बंद पडतो, आली की मुलगा पुन्हा लावतो, हे नेहमीचंच. म्हणून ती मुकाट फोन मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिली, लाइट यायची वाट बघत.

लाइट गेलीच नव्हती. आमच्या घरात आईची उजवी बाजू गेली होती. हातात फोन नाही, म्हणून ती सरपटत ओटीवरच्या त्या डब्यापर्यंत गेली असणार. त्याच्यावर हँडसेट ठेवतात, पण बोलायची सोय नाही, आकडे नाहीत. तिनं त्याची वायर धरून ओढली. पिन भिंतीतून निघाली आणि तिकडे काकीच्या हातातला फोन मेला. तेवढंच तिच्या हाताला जमलं. तिनं मारलेली हाक पडवीपर्यंत पोचली, काकीच्या मांडीवर येऊन पडली, आणि काकीला ती कळली नाही.

काकी फोन परत द्यायला गेली तेव्हा आई जमिनीवर होती. तोंड वाकडं. मग खुर्चीला बांबू बांधून माणसांनी तिला पावसात खाली आणली, रस्त्यावर जीप, पोलादपूर, तिथून महाड. डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. “जीव वाचेल. आधी आणलं असतं तर वाचाही राहिली असती.”

आई वाचली. माझ्या घरी आतल्या खोलीत कॉट टाकली. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. माझी आई, जी बोलायला लागली की मेथीवाली थांबून ऐकायची, ती छताकडे बघत पडून राहू लागली. मी तिला भरवायची, पुसायची, आणि मनात काकीला बोलायची. काय काय बोलायची ते लिहिण्यासारखं नाही. एक हाक कळू नये बाईला? मांडीवर फोन घेऊन बसली, जरा उठून समोर डोकवायला काय धाड भरली होती? पुन्हा समोर भेटली की तोंडावर सुनावायचं, हे मी पक्कं केलं होतं.

वाडीतला फोन बंदच करून टाकू, असं मी आईला म्हणाले. तिनं डोकं हलवलं, नाही. मग कुणाला द्यायचा? वरच्या घरी? नाही. देवळाजवळ? नाही. एकेक घर विचारलं. शेवटी दात-ओठ खाऊन “काकीला?” म्हटलं, तर तिनं डावा हात गादीवर आपटला. “अगं, तुला अक्कल आहे का?” मी ओरडलेच. तिनं पुन्हा हात आपटला. शेवटी वायरमनला सांगून लाइन काकीच्या घरी फिरवून घेतली. म्हशी तर आधीच तिच्या गोठ्यात गेल्या होत्या.

आता रोज दुपारी माझ्या मोबाइलवर वाडीचा नंबर येतो. मी काही न बोलता स्पीकर चालू करते आणि मोबाइल आईच्या उशीवर ठेवते. काकी पलीकडून सांगत राहते. भात पोसवलं. वरच्या सुनेला मुलगी झाली. बांध फुटला. मग फोन घेऊन गोठ्यात जाते आणि म्हशीच्या तोंडाशी धरते. आई डोळे मिटून म्हशीचं रवंथ ऐकते. काकीचा मुलगा गणपतीला आला का, ते काकीनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिच्याशी मी एक शब्द बोलत नव्हते.

परवा काकी बोलता बोलता थांबली. मग एकदम तिचा आवाज फुटला. “वयनी, येक डाव बोला की वो. माजं चुकलं. मला शिव्या द्या, माज्या नावानं बोटं मोडा, पन बोला!”

आईचं तोंड हलायला लागलं. मान ताठ झाली, डोळ्यांतून पाणी. “आ… आ… ” असा घशातून आवाज काढत राहिली, लाळ उशीवर सांडली. काय म्हणायचं होतं तिला, मला आईशपथ कळलं नाही.

“काय म्हनते गो ती?” काकीनं मला विचारलं. “पोरी, सांग ना, काय म्हनते?”

इतके महिने साठवलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. आईच्या नावावर मी काहीही खपवू शकले असते. कुणी शहानिशा करणार नव्हतं.

मी मोबाइल उचलून तोंडाजवळ धरला.

“म्हशीला वैरण घातली का, विचारतेय,” मी म्हणाले.

पलीकडे काकी हुंदके देऊन रडायला लागली. “घातली, वयनी,” ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, “आत्ताच घातली.”