धुरपताबाईचं दाळीचं पाणी

दवनीवाड्याच्या पुढं आमचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, आहे आणि टोल्यात धुरपताबाईची विहीर आहे. बाईला लोक विहिरीवरूनच ओळखायचे. विहिरीपलीकडे बाई म्हणून कोणी आहे, हे ध्यानात यायला विहीर रिकामी पडावी लागली. पाण्यानं नव्हे, पाणी अजून भरपूर आहे. माणसांनी.

बाकी टोल्याचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, चहाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, आतून पांढरा पापुद्रा धरतो, आणि तुरीची दाळ चुलीवर ठेवून बाई माहेरी जाऊन आली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. धुरपताच्या विहिरीचं पाणी तेवढं हलकं. त्यात दाळ दोन उकळ्यांत लोणी. म्हणून रीत अशी पडली की धुणंभांडं हातपंपावर, आणि सांजच्याला दाळीपुरतं एक गुंड, म्हणजे घागरभर, पाणी धुरपताकडून.

सासूनं लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी तिच्या हातात दोर दिला होता. नवरा गेला, पोरगा रायपूरला कारखान्यात लागला, तिकडचाच झाला, दोर मात्र हातात राहिला. बाया यायच्या, गुंड भरायच्या आणि काठावर टेकायच्या. कोणाची सून रुसली, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या पोरीला कुठून पाहायला आले, सगळं आधी धुरपताच्या कानात पडायचं आणि मग टोल्यात फिरायचं. एवढी खबर पोलीस पाटलाकडेही नसायची.

मग नळ आला. नळाला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. पाणी त्याच दगडाच्या पोटातलं, तेवढंच जड. पण घरात आलेलं पाणी जड असलं तरी बाईच्या डोक्यावर जड होत नाही. शिवाय घरोघरी कुकर होते. कुकर पाण्याची जात पाहत नाही, चार शिट्या जास्त मारतो आणि दाळ शिजवून मोकळा होतो. महिनाभरात धुरपताचा काठ कोरडा पडला.

नळ तिच्याही अंगणात होता. ती त्यानं पाय धुवायची आणि पायरीवर उठलेले पांढरे डाग बोटानं खरवडून म्हणायची, "पाहा." पाहायला कोणी नव्हतं.

शेजारच्या चैतरामच्या हिमांशूचं लग्न ठरल्याचं तिला पत्रिकेवरून कळलं, आणि पत्रिकासुद्धा कोणीतरी दाराच्या फटीत खोचून गेलं. मधी एक भिंत. वासानं त्यांच्या घरी काय शिजतं ते सांगणाऱ्या बाईला पोरगी कुठली ते वाचावं लागलं, तेही चष्मा शोधून.

पण एक आशा होती. लग्नाच्या जेवणाची दाळ कुकरात होत नाही. त्यासाठी नवरदेवाच्या आईनं हळदकुंकू घेऊन यायचं, विहीर पुजायची, पाणी मागायचं, आणि शिजलेल्या दाळीची पहिली वाटी विहिरीच्या घरी पोचवायची, ही टोल्याची जुनी चाल. हिमांशूची आई रेणू म्हणजे चाल पाळणारी बाई. धुरपतानं काठ घासला, बाजारातून नवा दोर आणला, चहापत्ती जास्तीची आणली. तीन दिवस ती दारात उभी. पलीकडे मांडव पडला, भोंगा लागला, रेणू काही आली नाही.

जेवणाच्या दिवशी सकाळी भिंतीवरून पाहिलं तर नळाची नळी थेट आचाऱ्याच्या ड्रमात. आचारी रामलाल गोंदियाचा, त्याला पाण्याची काय खबर. धुरपता आत गेली आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली.

दुपारी मागच्या दारानं रेणू आली. पदर खोचलेला, कपाळ घामानं भिजलेलं. मागं चैतराम, खांद्यावर मोटार, हातात हिरवा पाइप.

"काकी, दाळ शिजूनच नाई राहिली," रेणू म्हणाली. "रामलालनं सोडा टाकला, मंग आणखी टाकला. आता साबणावानी वास येऊन राहिला."

"नळाचं पाणी चांगलं हाय म्हणत होते ना?"

"चुकलं काकी."

"मंग सोडतो मोटार," चैतराम म्हणाला, "पंधरा मिनिटांत ड्रम भरतो. वराडी बसले हायेत."

धुरपतानं पाइपाकडे पाहिलं. पंधरा मिनिटांत पाणी भिंतीपलीकडे जाणार आणि इकडं पावलाचा आवाजही होणार नाही.

"माया विहिरीत मोटार नाई लागत," ती म्हणाली. "पाणी गुंडानं जाईल. बाया आण."

"काकी, कायले अडवून राहिल्या? लोक उपाशी हायेत."

"बुंदी दे तवरक. बुंदीले पाणी कुठं लागते."

चैतराम पुटपुटत मोटार घेऊन गेला. आणि मग बाया आल्या. शालू नेसलेल्या, गजरे माळलेल्या, हातात गुंड, हंडा, मिळेल ते. नव्या दोरानं हात सोलले तशा हसल्या. एकीनं रुख्माच्या सुनेचं सांगितलं, दुसरीनं ते खोटं म्हणून खरं सांगितलं. धुरपता दोर ओढत होती आणि "मंग?" म्हणत होती. तिनं चहा टाकला, पण प्यायला कोणी थांबलं नाही. पाणी पोचलं, दाळ नव्यानं चढली आणि विरघळली. वराडी रामलालच्या हाताला वाखाणत उठले.

ती जेवायला गेली नाही. पहिल्या वाटीची वाट पाहत बसली. गर्दीत वाटी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला रेणू आली, हातात बुंदीची वाटी. "दाळ उरलीच नाई वो काकी. रागावू नका."

धुरपताच्या अंगणातल्या चुलीवर दाळ होती. झाकणीतून वाफ येत होती, पण आत दाणे टणक, आणि पातेल्याच्या काठाला पांढरी कड धरलेली. रेणूनं वाकून पाहिलं.

"काऊन काकी? नळाचं पाणी? घरची विहीर सोडून?"

"विहिरीच्या पाण्यात लवकर होते," धुरपता म्हणाली. "दाळ झाली, जेवण झालं, मंग काय करू? ह्यात दिवस बुडेतवर पाहावं लागते."

रेणू विहिरीच्या काठावर टेकली. तेवढ्यात भिंतीपलीकडे तिच्या कुकरची शिट्टी वाजली.

"येतो काकी. नवी सून हाय, तिले समजत नाई किती शिट्या द्यायच्या."

"जा."

धुरपतानं झाकणी उचलली, एक दाणा चमच्यावर घेऊन दोन बोटांत दाबला. दबला नाही. तिनं चुलीत आणखी एक काडी सारली.