त्यांना काय चढलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माहेरी नाही, पोटच्या लेकीलाही नाही. तुम्ही आमच्या भावकीतले नाहीत, म्हणून निदान जीभ रेटतेय.

गोष्ट नव्वद सालाच्या आगेमागेची, नशिराबादजवळच्या आमच्या गावातली. आमचे हे लग्नापासून पीत होते. प्यायले की मारायचे — पट्ट्यानं, पाटानं, हाताला येईल त्यानं. माझा डावा कान त्यांनीच फोडला. पण थांबा, कान पुढे करून मला सुटायचं नाही.

पुढे यांचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. जळगावच्या डॉक्टरांनी यांना बाहेर बसवून मला एकटीला समजावलं. दारूनं लिव्हर तर गेलंच, आतड्याचं अस्तरही जुन्या धोतरासारखं विरलंय. पोटातली घाण त्यातून रक्तात झिरपते, लिव्हरला ती गाळता येत नाही, मग ती डोक्यात चढते. माणूस थेंबही न पिता दारुड्यासारखा बरळतो. हे औषध देऊन पोट रोज साफ ठेवा, आणि तसं दिसलं तर तडक घेऊन या. सगळं कळलं होतं मला — कळलं नव्हतं असं कसं म्हणू?

त्या श्रावणात घरात कानबाई बसली, आमच्या खानदेशातली देवी, तेव्हा यांनी तिच्यासमोर आण घेतली आणि दारू सोडली. खरंच सोडली. सासूबाई गावभर सांगत फिरल्या.

पुढच्या वर्षी कानबाई उठली, तिला नदीवर बोळवलं. तिच्या नैवेद्याचे रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत, म्हणून हेही पुरणाचे रोट खात राहिले. पोट साफ होत नव्हतं. मला दिसत होतं. औषधाची बाटली फळीवरच राहिली.

एका दुपारी मी धुणं घेऊन आले, तर हे ओसरीवर झोकांड्या खात होते. धोतर घाण झालेलं. मला म्हणाले, "आज काय वार शे?" मी जवळ जाऊन तोंड हुंगलं. दारूचा वास नव्हता. गोडसर, कुबट असा काहीतरी होता.

आणि मग — माझ्या हातात धुण्याची मोगरी होती. मी मारलं. पाठीवर, गुडघ्यांवर, फुगलेल्या पोटावर. जन्मात पहिल्यांदा त्यांना 'तू' म्हटलं. ते हात वर करून नुसते म्हणत होते, "माय वं, मारू नको." मला राग आला होता का? आला होता. पण खोटं का बोलू, बरंही वाटत होतं.

सासूबाई धावत आल्या. मी म्हटलं, "परत चढलीय त्यांना." शब्द डॉक्टरांचाच होता. काय चढलं, ते मी सांगितलं नाही. म्हातारीनं कपाळ बडवून घेतलं, "कानबाईनी आन मोडी रे तू!" तरी तिचं काळीज आईचं, जीप बघायला निघाली होती. मीच अडवलं. म्हटलं, उतरली की उठतील.

त्यांच्या तोंडातून रक्त आलं तेव्हा जीप आणली. उशीर झाला होता. पाठीवरचे वळ पाहून कुणी काही विचारलं नाही. दारुड्याला बायकोनं मारलं, त्यात विचारायचं काय?

सासूबाईंनी मरेपर्यंत लेकाचं नाव घेतलं नाही. अजूनही कानबाईला भावकीतले लोक पोरांना बजावतात, त्याच्यासारखी आण मोडू नका रे. मी तिथेच रोट लाटत बसलेली असते.

त्यांनी आण मोडली नव्हती.