डाव्या पायाचा क्लच

स्कूटरचा क्लच डाव्या हाताच्या मुठीत असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो तिथून काढून मी पायाखाली नेला. त्यासाठी पट्टी कापली, पेडल जोडलं, केबल वळवून घेतली, अख्खा रविवार घातला. आपोआप काहीच झालं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट सांगताना मी नेहमी थोडा वळसा घेत आलोय.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी देवासला एका कारखान्यात नव्यानं लागलो होतो, कॉलनीत राहात होतो. आजोळ धारचं. मामांचं घराणं जुन्या दरबारातलं. मामा हिंदी शाळेत मास्तर, पण घरातलं बोलणं अजून आजोबांच्या काळातलं, आणि देवघराच्या भिंतीवर एक तलवार. मामेभाऊ माझ्याहून थोडा लहान, तेव्हा कॉलेजात होता. लहानपणीच्या तापात त्याचा डावा पाय लुळा पडला. घरात तो भिंत धरून चालायचा, बाहेर कुबडी. कुबडीवर लांब जाववत नसे.

दसऱ्याला संध्याकाळी घरातले पुरुष तिरला गावाच्या रस्त्यानं आपल्या गावाची शीव ओलांडायला जात, आपट्याची पानं घेऊन परतत, आणि मामी दारात सगळ्यांना ओवाळत. मामेभाऊ कधी गेला नव्हता. तो मामींच्या शेजारी दारात उभा राहून आमची वाट बघायचा. एका वर्षी मामा त्याला सायकलवर बसवून न्यायला निघाले, तर म्हणाला, "शीव आपली आपण ओलांडायची असते, अप्पा. सामानासारखं पलीकडे नेऊन ठेवायचं नसतं." मामा चप्पल घालून एकटेच गेले.

गो-कार्टचं चित्र त्याला एका हिंदी मासिकात दिसलं. चार बुटकी चाकं, जमिनीलगत बसायची जागा, पाठीमागे इंजिन. "दादा, हे आपल्याला जमेल. दसऱ्याला मी यातनं जाईन." मी कारखान्यातला, म्हणजे घराच्या लेखी इंजिनियरच. मी हो म्हटलं.

सांगाडा अवघड नव्हता. प्रश्न होता तो इंजिनाचं फिरणं चाकापर्यंत न्यायचं कसं, आणि थांबताना ते तोडायचं कसं. मामा म्हणाले, पिठाच्या चक्कीला असतो तसा ढिला पट्टा लावा, दांडा ओढला की पट्टा ताणला जाईल आणि गाडी चालेल. भावानं मानेनंच नाही म्हटलं. त्यानं गल्लीतली एक मोडकी मोपेड हेरून ठेवली होती. तिचा क्लच आपला आपण धरतो. इंजिन जोरात फिरलं की पकडतो, मंद झालं की सोडतो. "ना हात लागत, ना पाय," तो म्हणाला. "उजव्या पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर, हाताला ब्रेक. बस, काम खतम."

मामी तर लगेच धारकडच्या बाग गावच्या छापाच्या जुन्या चादरीतून बैठकीची गादी शिवायला बसल्या. उरलेल्या कापडात एक छोटी उशी केली. डावा पाय गाडीत खडखडू नये, म्हणून त्याच्याखाली ठेवायला.

मोपेडचं इंजिन मी देवासला नेलं. एका वर्कशॉपात सांगाडा जोडून घेतला आणि एका रविवारी कॉलनीच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहिली. चालली. खरंच सांगतो, छान चालली. पाय दाबला की सरकायची, उचलला की थांबायची, पाण्याच्या टाकीचा चढसुद्धा कुरकुर न करता चढली. डावा पाय मी मुद्दाम दुमडून बसलो होतो. त्याची गरजच पडली नाही.

परत येताना नाक्यावर कारखान्यातले दोस्त उभे होते.

"क्यों भिया, सिलाई मशीन पे कहाँ चले?"

"अरे, भाभी की है क्या? गियर-वियर कुछ है के नहीं?"

"रहन दे यार, भिया पापड़ बेलने जा रिये हैं."

मीही हसलो. पण घरी येऊन त्या इंजिनाकडे पाहिलं तर ते खरंच शिवणयंत्रासारखं दिसायला लागलं. आमच्या खानदानात मोटार चालवायला कोणी बसलेलं नव्हतं. मला गोल स्टिअरिंग हवं होतं, गिअरचा दांडा हवा होता, पायाखाली क्लच हवा होता. हे सगळं मला हवं होतं. गाडी कोणासाठी आहे, हे मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

कन्नौदला एका आडत्याच्या गोदामात जुनी स्कूटर पडून होती, तिचं इंजिन आणलं. गणपतीत धारला गेलो तेव्हा मोपेडचं इंजिन पोत्यात घालून परत नेलं.

"क्लच जळला," मी मामांना सांगितलं. "चढावर घसरतो तो. गाडी मागे आली तर जिवावर बेतेल."

मामांनी लगेच मानलं. "तू म्हणतोस म्हणजे तसंच असणार. जोखीम नको."

भाऊ पोत्याकडे बघत होता. म्हणाला, "स्कूटरचा असला तरी चालेल. क्लच हातातच असतो ना?"

"हातात क्लच, हातात गिअर, मग स्टिअरिंग कोण धरेल? हात दोनच असतात."

"मग स्टिअरिंग कशाला? स्कूटरचं हँडलच बसवू की. क्लच, गिअर सगळं त्यातच येतं."

बरोबर होतं त्याचं. तरी मी हसून म्हटलं, "हँडल लावलं तर ती गो-कार्ट कसली रे? लंगड्यांची गाडी होईल ती."

मामी आरतीचं तबक घासत होत्या, त्यांचा हात थांबला. भाऊही हसला. आधी तोच हसला, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. तो आधी हसला नव्हता.

नवमीला गाडी कारखान्याकडून निघालेल्या मॅटाडोरमधून धारला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तलवार उतरवून पाटावर ठेवली आणि तिच्या शेजारी अंगणात गाडी. मामींनी स्टिअरिंगवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, इंजिनाला झेंडूची माळ घातली, पुढे नारळ फोडला. संध्याकाळी भाऊ नवा कुडता घालून, डोक्याला आजोबांचा फेटा बांधून आला आणि बाग छापाच्या गादीवर बसला. मामी उशी घेऊन वाकल्या. जिथं उशी ठेवायची तिथं पेडल होतं.

"हे काय रे?" त्यांनी मला विचारलं.

"क्लच आहे तो, मामी. तिथं पाय लागतो."

हे मी अगदी सहज बोललो. तेव्हाचा माझा आवाज मला अजून आठवतो.

भावानं दोन्ही हातांनी डावा पाय उचलून पेडलवर ठेवला. तो घसरून खाली आला. पुन्हा उचलून ठेवला आणि गुडघ्यावर हातानं जोर दिला. पेडल थोडं दबलं, पाय बाजूला कलंडला. गल्लीतले शेजारी दारात आले होते. कोणीतरी म्हणालं, "रस्सी से बाँध दो पाँव." मदत म्हणूनच म्हणालं ते.

मामा पुढे झाले. "उतर, बाळ. यंदा दादा नेईल. पुढच्या वर्षी करू काहीतरी."

तो उतरला. फेटा डोक्यावरून उतरवून त्यानं माझ्या हातात दिला. तो मी डोक्यावर ठेवला, गाडीत बसलो, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि निघालो. तिरल्याच्या रस्त्यावर पोरं मागे धावत होती. मला मजा आली. हेच मला आजवर कोणाला सांगता आलं नव्हतं. शीव ओलांडून मी गाडी वळवली तोवर मला मजाच येत होती.

परतलो तेव्हा तो नेहमीच्या जागी, दारात, मामींच्या शेजारी उभा होता. मामींनी मला ओवाळलं. तो लहान, म्हणून रीतीप्रमाणे माझ्या हातून पान घेऊन भिंत धरत वाकला आणि माझ्या पाया पडला.

पुढच्या वर्षी काही केलं नाही. गाडी मी देवासला नेली आणि दुसऱ्या पावसाळ्यात भंगारात दिली.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा बिनगिअरच्या स्कूटरी दिसायला लागल्या होत्या. भाऊ बँकेत लागला होता. त्यानं तसली एक स्कूटर घेऊन मागे दोन जादा चाकं जोडून घेतली. मामा तोवर गेले होते. त्या दसऱ्याला तो म्हणाला, "बस मागे, दादा." आम्ही तिरल्याच्या रस्त्याला लागलो. माझ्यासमोर त्याची पाठ होती. तोंड दिसत नव्हतं म्हणून मला बोलता आलं.

"तो मोपेडचा क्लच जळला नव्हता रे."

त्यानं वेग कमी केला नाही. "ठाऊक आहे. तू पोतं ठेवून गेलास, दुसऱ्या दिवशी मी इंजिन उघडलं. क्लचच्या आतल्या पट्ट्या कोऱ्या होत्या."

म्हणजे गादीवर बसला तेव्हा, पाय दोन्ही हातांनी उचलला तेव्हा, माझ्या पाया पडला तेव्हा, त्याला सगळं ठाऊक होतं.

"मग बोलला का नाहीस?"

"अप्पांना कळलं असतं तर तुझं येणं बंद झालं असतं. तुझ्याशिवाय माझ्याकडे येत कोण होतं?"

शीव आली. तो थांबला नाही, तशीच ओलांडून पुढे गेला आणि आपट्याच्या झाडाखाली उभा राहिला. मी उतरून पानं तोडली. एक पान त्याच्यापुढे धरलं. त्यानं बघितलं, पण घेतलं नाही.

"आईला दे ते," तो म्हणाला. "बस आता. ती दारात उभी असेल."

मी मागे बसलो. त्यानं मूठ पिळली आणि गाडी आपली आपण निघाली. पान माझ्या हातातच होतं.