सुलभाची ओळ

“हजर बाई.” “हजर बाई.” “हजर बाई.”

मग क्षणभर काहीच नाही.

चाळीस वर्षं झाली. तो मधला गप्प क्षण अजून कानात आहे.

आज सकाळी शिर्के बाई गेल्या.

दिंडोशीच्या म्युनिसिपल शाळेत त्या चौथीच्या वर्गशिक्षिका होत्या. मी तिसरीला, आणि कविता मात्र सगळ्या वर्गांना शिकवायचो.

गिरण्यांचा संप लांबला आणि एकेक कुटुंब कोकणात परतलं. उरलेल्यांतली काही पोरं टाय लावून इंग्लिश मीडियमला. आता आणखी एक नाव कमी झालं की चौथीचा वर्ग बंद. मुलं हायवेपलीकडच्या शाळेत.

चौथीतली सुलभा दिवाळीला गावी गेली, ती आलीच नाही.
बाई रोज तिचं नाव पुकारायच्या. थांबायच्या. मग हजर मांडायच्या.

“बाई, पकडलं तर वाट लागेल हां.”
“गुरुजी, नाव कापलं की पोर तुटते. येईल ती.”

इन्स्पेक्शनच्या दिवशी माझ्या तिसरीतली एक चिमुरडी बाईंनी सुलभाच्या जागी बसवली. साहेबांनी डोकी मोजली. पट जुळला. साहेब उठलेसुद्धा.

आणि मला अवदसा आठवली.
“साहेब, मुलांची कविता ऐका ना.”

कविता बसवायची माझी एक पद्धत होती. प्रत्येक मुलाला स्वतःची एक ओळ.

वर्ग सुरेख म्हणत गेला. सुलभाची ओळ आली आणि सगळे थांबले. तिची ओळ दुसरं कोणी म्हणायचं नाही, हे मीच शिकवलेलं.

सगळी पोरं त्या चिमुरडीकडे बघायला लागली. ती रडायलाच लागली.

साहेब खाली वाकले. “बाळ, तुझं नाव काय?”

तिने खरं नाव सांगितलं.

वर्ग बंद झाला. बाईंची बदली. जाताना एवढंच म्हणाल्या, “कविता छान बसवली होतीत, गुरुजी.”
टोमणा होता का, हे विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही.

आज दुपारी बाईंच्या घरी बसलो होतो. दारात एक बाई चपला काढत होती. केस पिकलेले.

“गुरुजी ना? मी सुलभा.”

मी उठून उभा राहिलो.

“जूनमध्ये परत आलो आम्ही. वर्गाला कुलूप. हायवे ओलांडून आई पाठवेना. मग राहिलंच शिकायचं.”

ती आत गेली, बाईंच्या पायाशी बसली.

बाई, तुमची सुलभा आली. आता जा सुखाने.