काठ मोकळा

ताईंना मी ओळखत होतो असं म्हणणं जरा जास्तच होईल. ऊर्जा खात्याच्या त्या लांबलचक इमारतीत आम्ही एकाच मजल्यावर होतो. मी आकडेवारीच्या खोलीत, ताई समोरच्या समन्वय कक्षात. त्यांचं घर कुठल्या गल्लीत आहे हे मी त्या गेल्यावर विचारत विचारत शोधलं. तिथे दारात उभा राहिलो तेव्हा कळलं की सासूबाई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, आणि घरात मिळवत्या ताई एकट्याच. खात्यात कधी बोलल्या नाहीत. बाकी जे सांगतो आहे ते थोडं पाहिलेलं, थोडं धरणावर पाण्याचं दार उचलणाऱ्या दादांकडून ऐकलेलं.

कोणी नवीन रुजू झालं की ताई त्याला खातं समजावून सांगत. "हे एकत्र कुटुंब आहे असं समजा. नियोजन म्हणजे सासरे. दहा वर्षांनंतरचं बोलणार, आजच्या भाजीचं विचारू नका. निर्मिती म्हणजे थोरले दीर. वीज तेच करणार आणि तोराही तेच मिरवणार. भारनियंत्रण म्हणजे सासूबाई, कोणाच्या पानात किती वाढायचं ते त्या ठरवणार. सुरक्षा म्हणजे नणंद. येणार, खोड काढणार, निघून जाणार. आणि जनसंपर्क ही धाकटी जाऊ. घरात भांडी आपटली तरी शेजाऱ्यांना सांगणार, आमच्याकडे गाणं चाललंय."

"आणि आपण, ताई?"

"आपण सून. सगळ्यांचे निरोप पोचवायचे आणि कोणाचंही करपलं तरी बोलणी खायची."

निरोपांतला मुख्य निरोप संध्याकाळचा. शहरात दिवे लागायची वेळ झाली की विजेची मागणी चढे. मग भारनियंत्रणातून ताईंना फोन येई, धरणाचं पाणी सोडा. ताई धरणावर फोन लावत आणि म्हणत, "काठ मोकळा. सोडा." हे शब्द कानावर पडल्याशिवाय दारवाल्याने दार उचलायचं नाही, असा नियमच होता.

फार पूर्वी या शब्दांना अर्थ होता. धरणाखाली नदीच्या वळणावर एक पहारेकरी असे. पाणी सोडण्याआधीचा इशाऱ्याचा भोंगा झाला की तो काठावर कोणी उरलं नाही ना ते बघायचा आणि कक्षात कळवायचा. तो निवृत्त झाला, त्याच्या जागी कोणी आलं नाही. शब्द मात्र राहिले. ताईंच्या आधीचे साहेब म्हणत होते, म्हणून ताईही म्हणू लागल्या.

एका संध्याकाळी दादा पलीकडून म्हणाले, "ताई, एक सांगू? भोंगा बंद पडलाय. काल पाणी सोडलं आणि धुण्याचं बोचकं वाहत गेलेलं दिसलं. बाई कशीबशी खडकावर चढली. मी वरून नुसता ओरडत होतो. पाण्यापुढे माझा आवाज तो काय!"

काठ मोकळा, हे काल ताईंनीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या भोंग्याचा मालक शोधायला निघाल्या. निर्मितीवाले म्हणाले, धरण आमचं, पण भोंगा आमच्या कुंपणाबाहेर. सुरक्षावाले म्हणाले, आम्ही तपासतो, दुरुस्त करत नाही. जनसंपर्कवाले म्हणाले, आम्ही पाटी लावू. ताई म्हणाल्या, "लावा. वाहून जाता जाता वाचतील लोक."

संध्याकाळी भारनियंत्रणाचा फोन आला. ताईंनी धरणावर लावला आणि म्हणाल्या, "दादा, आज मी ते शब्द म्हणणार नाही."

"मग मी दार उचलणार नाही," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

निम्मं शहर अंधारात गेलं. फोन खणखणू लागले. भारनियंत्रणाचे प्रमुख स्वतः जिना उतरून आले. "ताई, दोन शब्दांसाठी अडवणूक करता?"

"दोनच आहेत ना साहेब? मग तुम्ही म्हणा."

ते आल्या पावली परत गेले.

सकाळी सचिवांच्या दालनात सगळे प्रमुख जमले. मागची आकडेवारी हवी म्हणून मलाही भिंतीला लागून बसवलं होतं. सचिव शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं काम निरोप पोचवण्याचं. निर्णय तुमचा नाही. आज निरोप गेला नाही तर उद्या तुम्ही घरी बसाल."

"बसेन. पण खोटा निरोप नेणार नाही."

ताईंनी टेबलावरचा फोन उचलला, धरण लावलं आणि रिसीव्हर टेबलाच्या मधोमध आडवा ठेवला. त्यातून दादांचं बारीक "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. ताईंनी तो आधी निर्मितीच्या प्रमुखांपुढे सरकवला, मग सुरक्षेच्या, मग भारनियंत्रणाच्या. "काठ मोकळा आहे, एवढंच सांगायचं. तुमच्या नावाने."

निर्मितीच्या प्रमुखांनी चष्मा पुसायला घेतला. सुरक्षेचे छताकडे बघू लागले. फोनकडे कोणाचाच हात जाईना. शेवटी तो सचिवांपुढे आला. त्यांनी तो जागेवर ठेवला, मग निर्मितीच्या प्रमुखांना म्हणाले, "माणूस पाठवा. कुंपणाचं नंतर बघू."

संध्याकाळी दादांनी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. भोंग्याचा आवाज समन्वय कक्षातून थेट आमच्या खोलीपर्यंत आला. मग दादा म्हणाले, "ताई, बायका धुणी गोळा करून वर आल्या. दिसतायत मला."

"काठ मोकळा. सोडा," ताई म्हणाल्या.

महिना उलटायच्या आत त्यांची बदली तळमजल्यावर जुन्या दप्तरखान्यात झाली. नोकरी राहिली, खुर्ची गेली. "दिलगिरीचं दोन ओळींचं पत्र द्या, बदली थांबवतो," असा निरोप आला होता. ताईंनी त्या निरोप्यालाच चहा पाजून परत पाठवलं. आणि रोज संध्याकाळी, घरी जायच्या आधी, मजले चढून समन्वय कक्षाच्या दारात उभ्या राहत. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला विचारत, "भोंगा ऐकलात? दादांना विचारलंत? मग बोला." तो चिडायचा, पण विचारायचा.

मी निवृत्त झालो त्या दिवशी त्यांचा निरोप घ्यायला खाली गेलो. जिन्यावरचा दिवा गेला होता. देखभालवाले म्हणत जिना इमारतीचा, इमारतवाले म्हणत दिवा देखभालीचा. ताई नवा बल्ब घेऊन स्टुलावर चढल्या होत्या.

"ताई, स्टूल डुगडुगतंय," मी म्हणालो.

"मग बघताय काय? नीट धरा की."