कोंबडी कोणाकडे ठेवायची?

नाटक वर्षाला एकच होतं, पण त्याच्या तालमीत किस्से मात्र पोत्याने निघतात. आमच्या जव्हारच्या हौशी मंडळात शिक्षक, कारकून आणि एसटीचा कंडक्टर. म्हणजे दिवसभर माणसंच बघणारी माणसं. किस्से साचणारच. मी स्वतः कारकून. अभिनय बरा करतो, असं मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

यंदाचं नाटक वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाचं. ते लिहिलं आणि बसवलं हायस्कूलच्या भोये सरांनी. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "स्पर्धेच्या आधी खोडाळ्याला प्रयोग. तिथल्या लोकांना खोटं वाटलं, तर स्पर्धेचा अर्ज मी फाडणार."

सर बोलतात ते करतात.

*

सरांचा उठताबसता एकच प्रश्न: "पात्राला काय हवंय?"

एकदा स्टँडवर चहा पिताना चहावाल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सांगा, या माणसाला आत्ता काय हवंय?" कोणी म्हणालं मान, कोणी म्हणालं माया. आम्ही अर्धा तास चर्चा केली.

चहावाला भांडं विसळता विसळता म्हणाला, "बाकडं हवंय. तुम्ही उठा."

*

कंडक्टर रघुनाथकडे मुकादमाचं काम होतं. सरांनी प्रत्येकाला वही दिली होती, पात्राचा अभ्यास लिहायला. रघुनाथची वही कोरी.

सर तापले. "मुकादम गर्दीकडे कसा बघतो, एवढं तरी सांग."

"मी बघतो तसाच. तिकीट कोणी काढलं नाही, ते चेहऱ्यावर कळतं सर."

आणि त्याने उभ्या उभ्या आमच्याकडे असं बघितलं, की माझा हात आपोआप खिशात गेला. सर म्हणाले, "मिट वही. झाला तुझा अभ्यास."

*

माझी वही मात्र भरलेली होती. मी शेतकरी लखमा. त्याचं बालपण, त्याची स्वप्नं, सगळं लिहून काढलं. कमरेला मागे आकडी बांधली, तिच्यात कोयता अडकवला आणि ऐटीत भिंतीला टेकून बसलो.

आमच्या ऑफिसचे शिपाई, जामसरचे सोमाकाका, तालीम बघत होते. हळूच म्हणाले, "साहेब, टेकू नका. कोयता लागंल पाठीत. आकडीवाला माणूस टेकत नाय."

मी ताठ झालो. आमच्या ऑफिसात पाड्यावरचे म्हातारे येतात आणि बाकड्याच्या काठावर बसतात. बारा वर्षं मला वाटत होतं, मला घाबरून बसतात. जरा वाईटच वाटलं, खोटं कशाला बोलू!

*

लखमाच्या बायकोचं काम सुनीता मॅडमकडे. मॅडम प्राथमिक शिक्षिका, आणि रडण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. घर सोडतानाच्या प्रसंगात त्या अशा रडायच्या की पेटीवाला सूर विसरायचा. तरी त्यांचं समाधान होईना. म्हणून सोमाकाकांबरोबर त्या जामसरला गेल्या. काकांची वहिनी भट्टीवर निघायची तयारी करत होती.

मॅडमनी वही काढली. वहिनीने ती बघितली आणि आत जाऊन रेशनकार्ड घेऊन आली. "सर्वे हाय ना?"

सर्वे नाही हे समजावण्यात बराच वेळ गेला. मग मॅडमनी विचारलं, "घर सोडून जाताना मनात काय येतं?"

वहिनीने नीट विचार केला. म्हणाली, "कोंबडी कोणाकडं ठेवू."

मॅडम परत आल्या त्या सरांशी भांडायलाच. "सर, 'आम्ही गाव सोडून चाललो' हे वाक्य काढा. तिथे कोणी असं म्हणत नाही. 'जगायला चाललो' म्हणतात. आणि मी रडणार नाही. मी कोंबडी सांभाळायला कोणी दिसतंय का, ते बघणार."

"अहो, तुमचं रडणं हेच तर आपलं बक्षीस!"

"बक्षीस राहू द्या. तिला काय हवंय, ते सांगतेय."

सरांचाच प्रश्न सरांवर उलटला. त्यांनी पेन काढून ते वाक्य खोडलं.

*

खोडाळ्याचा प्रयोग बाजाराच्या दिवशी, दुपारी, पटांगणात. खरी कोंबडी सोमाकाकांनी आणली होती. समोर सगळी भट्टीवर जाऊन आलेली माणसं. सर अर्ज हातात घेऊन बाजूला उभे.

मॅडमनी गाठोडं बांधलं. कोंबडी काखेत घेतली. मी म्हणालो, "चल, गाडी लागली."

त्या सहज म्हणाल्या, "चला. जगायला चाललो." आणि कोंबडी घेऊन इकडेतिकडे बघत राहिल्या. पटांगणात कोणी हललं नाही. मला तर वाटलं, अर्ज फाटला.

तेवढ्यात पुढची एक म्हातारी उठली. थेट आमच्यापर्यंत आली, मॅडमच्या काखेतली कोंबडी घेतली, "जा तू, बाय," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. नाटक पुढे बिनकोंबडीचं झालं.

प्रयोग संपल्यावर सोमाकाका कोंबडी मागायला गेले. मॅडम साडी बदलून, पर्स अडकवून त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या.

म्हातारीने कोंबडी पदराखाली घेतली.

"तुला कशी देऊ? जिची हाय ती जगाया गेलीय. आली का नेईल."